आण्णांची केमो आणि दादाची पुडी

चिकोडी तालुक्यात माहेर आणि बेळगावात सासर असलेल्या एका वाचक ताईंचे पत्र आले आहे. वय ३७, मराठी शाळेत विज्ञान शिकवतात. माहेरी ऊस आणि हळद. वडिलांना, म्हणजे आण्णांना, ६१व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. त्याआधीचे वर्ष 'मूळव्याधच आहे' म्हणून मलमे लावण्यात गेले होते. पाच आठवड्यांपूर्वी बेळगावात ऑपरेशन झाले. काढलेल्या भागातल्या लिम्फच्या दोन गाठींत कॅन्सर सापडला, म्हणून स्टेज तिसरी. डॉक्टरांनी आठ सायकल केमो सांगितली आहे: दर तीन आठवड्यांनी एक सलाईन आणि मधले चौदा दिवस गोळ्या.

थोरल्या भावाने (वय ४१) खानापूरकडच्या एका नाटी (गावठी, झाडपाल्याच्या) वैद्यांकडून पुड्या आणल्या आहेत. त्याचे म्हणणे, "केमो म्हणजे विष आणि वर खर्च. तीन महिने झाडपाला देऊन बघू. गुण नाही आला तर केमो आहेच." आण्णाही म्हणतात, "मला ती सलाईनची सुई नको बघ. झाडपाल्यावर होतंय तेवढं बघू." ताईंनी स्वतः इंटरनेटवर बरेच वाचले आहे. हळदीतले कर्क्युमिन आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी मारते, लक्ष्मणफळ केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी आहे, वगैरे. गेले तीन आठवडे त्या आण्णांना हळद-मिऱ्याच्या कॅप्सूल देत आहेत. डॉक्टरांना सांगितलेले नाही, रागावतील म्हणून. त्या विचारतात: "संशोधनच सांगतंय की वनस्पतींत गुण आहे, तर तीन महिने थांबलो तर बिघडलं कुठं? आणि घरात भांडण न होता हे ठरवायचं कसं?"

ताई,

उत्तर आधी सांगते, कारणे मागून. तीन महिने थांबू नका. कॅप्सूल आजच बंद करा आणि तीन आठवडे दिल्या होत्या हे डॉक्टरांना सांगा. पुडी आण्णांच्या पोटात जाऊ देऊ नका.

एवढे वाचून तुम्हाला वाटेल की ही बाई झाडपाल्याला नावे ठेवणाऱ्यांतली आहे. मी डॉक्टर नाही. वनस्पतीशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि झाडांच्या अंगात काय काय असते याबद्दल मला आदर आहे तसा धाकही आहे. त्या धाकापोटीच हे लिहिते.

तुमच्या पत्रात एक गृहीत सगळीकडे पसरले आहे. एका बाजूला रसायन, म्हणजे केमो. दुसऱ्या बाजूला निसर्ग, म्हणजे पुडी. दादा ते उघड बोलतो, तुम्ही मनातून मानता. पण तुम्ही नरक्या पाहिला आहे का? खानापूर-आंबोलीपासून खाली केरळपर्यंतच्या घाटात वाढणारे हे लहानसे झाड, फुलांना घाण वास. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते. ते पहिल्यांदा वेगळे काढले गेले १९६६ मध्ये अमेरिकेत, एका चिनी झाडातून. काढणाऱ्या दोन मुख्य शास्त्रज्ञांपैकी एक मनसुख वाणी, जन्म आपल्या नंदुरबारचा. पुढे १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी तेच द्रव्य नरक्यात दाखवून दिले. आज मोठ्या आतड्याचा कॅन्सर शरीरात पसरला असेल तर इरिनोटेकॅन नावाचे केमोचे औषध देतात, ते याच द्रव्यापासून घडवलेले आहे. दादा ज्याला विष म्हणतो त्यातले एक त्याच्याच आवडत्या रानातले निघाले. आण्णांना ठरवलेली औषधे मात्र ही नव्हेत. ती दोन्ही प्रयोगशाळेत जन्मलेली आहेत.

पुढची हकिकत दादाला मुद्दाम सांगा. १९७०च्या सुमारास कॅम्प्टोथेसिन त्याच्या साध्या क्षाराच्या रूपात रुग्णांना टोचून पाहिले गेले. रक्तातल्या पेशी घटल्या, जुलाब लागले, लघवीतून रक्त जाऊ लागले. प्रयोग बंद करावे लागले. हे द्रव्य पेशीत नेमके कुठे घाव घालते, हे १९८५ मध्ये उमगले. पेशी दुभंगण्याआधी डीएनएचा पीळ सैल करणारे एक एन्झाइम असते, त्यालाच ते जागच्या जागी अडकवून ठेवते. त्याच सुमारास जपानी संशोधकांनी रेणूत फेरफार करून तो पाण्यात विरघळेल असा केला, आणि आतड्याच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९६ मध्ये. द्रव्य हाती आल्यापासून तीस वर्षे. कोणता रेणू, किती मिलिग्रॅम, कोणाला झेपतो, कोणाला नाही, जुलाब लागले तर काय करायचे, हे सगळे त्या तीस वर्षांत शिकून झाले. पुडीत रान असेल, पण ही तीस वर्षे नाहीत.

(एक सूचना इथेच. हे वाचून कोणी कोयता घेऊन नरक्याकडे निघू नये. काढा करून पिण्याची ती वस्तू नाही, आणि परदेशी मागणीपायी सह्याद्रीतला नरक्या आधीच बेसुमार तुटला आहे.)

आता तुमच्या वाचनाकडे येते. तुम्ही वाचलेले खोटे नाही, अर्धे आहे. लक्ष्मणफळाचे 'दहा हजार पट' कुठून आले ठाऊक आहे? १९९६ च्या एका शोधनिबंधातून. लक्ष्मणफळाच्या बियांमधून काढलेल्या एका द्रव्याने, काचेच्या बशीत वाढवलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी ॲड्रियामायसिन या केमोच्या औषधाच्या दहा हजारपट ताकदीने मारल्या. यात तीन गोष्टी फॉरवर्ड करणाऱ्याने गाळल्या. द्रव्य बियांतले होते, रस गराचा पाजतात. पेशी बशीतल्या होत्या, माणसातल्या नव्हत्या. आणि ज्याच्याशी तुलना केली ते ॲड्रियामायसिन आतड्याच्या कॅन्सरवर वापरायचे औषधच नाही! बशीतल्या पेशी फिनाईलनेही मरतात. म्हणून फिनाईल कोणी पीत नाही. याच कुळातल्या फळांचा आणि पानांच्या चहाचा रोजचा वापर असलेल्या ग्वादलूप बेटावर कंपवातासारखा एक आजार जास्त दिसतो, अशी नोंद १९९९ मध्ये झाली, आणि त्यासाठी संशय याच गटातल्या द्रव्यांवर आहे. घरी झाड असेल तर पिकलेले फळ आवडीने खा. पानांचे काढे आणि बियांची पूड नको.

हळद. तुमच्या घरचीच, सांगलीच्या बाजारात जाणारी, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिते. हळकुंडात कर्क्युमिन आणि त्याचे भाऊबंद मिळून साधारण दोन ते पाच टक्के असतात. दुधात चमचाभर हळद घातली तर त्यातून कर्क्युमिन जाते जेमतेम ०.१ ग्रॅम. रुग्णांवरच्या चाचण्यांत दिवसाला दोन-तीन ग्रॅम देतात, म्हणजे तीन टक्के धरले तर रोज सत्तर ते शंभर ग्रॅम भुकटी. हे जेवण उरत नाही. बरे, एवढे घेऊनही ते रक्तात फारसे उतरत नाही. आतडे आणि यकृत मिळून त्याचे रूप बदलतात आणि बाहेर काढतात. यावर मिऱ्याचा तोडगा आपल्याच राज्यातला आहे. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात १९९८ मध्ये निरोगी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिऱ्यातले तिखट द्रव्य, दिले तेव्हा शोषण २००० टक्क्यांनी वाढले. तुमच्या कॅप्सूलच्या डबीवर हा आकडा बहुतेक छापलेलाच असेल. पण मुळात जवळजवळ शून्य असलेली गोष्ट वीसपट केली तरी फार होत नाही. शिवाय मिरे हे काम करते ते शरीराची औषधे निकामी करण्याची यंत्रणा मंदावून. ती यंत्रणा फक्त हळदीपुरती मंदावत नाही, इतर औषधांसाठीही मंदावू शकते.

तुम्ही विज्ञान शिकवता, म्हणून एक खोच दाखवते जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कर्क्युमिन रक्तात उतरत नसले तरी गिळलेले आतड्यातून पुढे सरकताना आतल्या अस्तराला लागतेच. म्हणूनच शास्त्रज्ञांना त्याची आशा इतर कॅन्सरपेक्षा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये जास्त वाटली. विचार चुकीचा नाही. पण आण्णांच्या आतड्यातली गाठ आता तिथे नाही, ती कापून काढली. केमो कशासाठी आहे? लिम्फच्या गाठींपर्यंत पोचलेल्या पेशींपैकी काही रक्तातून पुढे यकृतात, फुप्फुसात जाऊन बसल्या असतील, त्यांच्यासाठी. म्हणजे कर्क्युमिन जिथे पोचते तिथे आता काम उरलेले नाही, आणि जिथे काम आहे तिथे ते पोचत नाही.

माणसांवरच्या चाचण्याही झाल्या आहेत. आनुवंशिक आजारामुळे ज्यांच्या आतड्यात पॉलिप, म्हणजे अस्तरावरचे मांसल कोंब, येतच राहतात अशा पाच जणांना २००६ मध्ये कर्क्युमिन आणि क्वेर्सेटिन हे दुसरे वनस्पतीतले द्रव्य दिले, पॉलिप बरेच कमी झाले, बातम्या झाल्या. तशाच ४४ रुग्णांवर २०१८ मध्ये नीट चाचणी झाली: निम्म्यांना रोज तीन ग्रॅम कर्क्युमिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, एक वर्ष. पॉलिपच्या संख्येत फरक नाही, आकारात फरक नाही. इंग्लंडमध्ये लेस्टरला कॅन्सर पसरलेल्या रुग्णांना केमोसोबत कर्क्युमिन देऊन पाहिले. २०१९ मध्ये निकाल आला. त्रास वाढला नाही, आणि कर्क्युमिन घेतलेल्या गटात आयुष्य वाढल्याची चिन्हे दिसली. पण रुग्ण होते २८, आणि चाचणी सुरक्षितता तपासण्यासाठी होती. तिथेही केमो कोणी थांबवली नव्हती, हे दादाला वाचून दाखवा.

सगळेच असे फसले असे मात्र नाही. दारुहळदीत बर्बेरिन असते. चीनमध्ये हजाराहून जास्त लोकांवर, पॉलिप काढून झाल्यावर, बर्बेरिन ०.३ ग्रॅम दिवसातून दोनदा देऊन दोन वर्षे पाहिले. पॉलिप पुन्हा आले ३६ टक्क्यांना. औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत ४७ टक्क्यांना. निकाल २०२० चा, आणि मला तो खरोखर आशादायक वाटतो. पण प्रश्न कोणता होता ते पाहा. कॅन्सर होण्याआधीचा पॉलिप परत येऊ नये हा एक प्रश्न, लिम्फच्या गाठींत गेलेला कॅन्सर परतू नये हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न: थांबलो तर बिघडलं कुठं? बिघडते ते वेळेत. ऑपरेशननंतरची केमो साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या आत सुरू करतात. तुमचे पाच झाले आहेत. २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दर चार आठवड्यांच्या उशिरामागे मृत्यूचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. दादा म्हणतो 'गुण नाही आला तर केमो आहेच'. पण गुण आला की नाही हे तीन महिन्यांनी कळणार कसे? आण्णांच्या अंगात मोजायला गाठच नाही. ते हिंडतील, फिरतील, जेवतील, वजनही वाढेल, कारण ऑपरेशनमधून माणूस सावरतोच. तुम्ही सगळे म्हणाल गुण आला. लपलेल्या पेशी असतील तर त्या दिसायला वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि तेव्हा स्टेज चौथी असते.

वैद्यांकडे बरे झालेल्या माणसांची नावे असतात, ती खोटी असतात असे मी म्हणणार नाही. तिसऱ्या स्टेजला नुसत्या ऑपरेशनवरही जवळपास निम्मे लोक पुढची काही वर्षे ठणठणीत राहतात. ऑपरेशन झाल्यावर पुडी घेतली की श्रेय पुडीला जाते. उरलेले निम्मे वैद्यांना सांगायला परत जात नाहीत. केमो आहे ती या उरलेल्यांसाठी. १९९० मध्ये, आजच्या मानाने साध्या औषधांनीसुद्धा, तिसऱ्या स्टेजला कॅन्सर परतण्याचा धोका ४१ टक्क्यांनी घटला होता. उलट बाजूचा आकडाही आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये, बरा होण्याजोगा कॅन्सर असून नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ रुग्णांची तुलना उपचार घेतलेल्यांशी केली. आतड्याच्या कॅन्सरमध्ये मृत्यूचा धोका साडेचार पटीहून जास्त निघाला.

पुडीबद्दल थोडक्यात. तिच्यावर नाव नाही, घटक नाहीत, मात्रा नाही. अशा निनावी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडल्याचे प्रकार आपल्याकडे नवे नाहीत. त्याने भूक वाढते, अंगदुखी थांबते, आणि घरच्यांना पहिल्या आठवड्यातच गुण दिसतो. पुडीसोबत 'कॅन्सर शंभर टक्के बरा' असे छापलेले पत्रक आले असेल तर अशी जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. ओळखीची वनस्पतीही निर्धोक असतेच असे नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, की वेल नक्की गुळवेलच होती का हे तपासलेले नाही. मला तो आक्षेपच जास्त घाबरवतो, कारण तुमच्या पुडीतली मुळी कोणती हे तरी कोणी तपासले आहे?

कॅप्सूलचे डॉक्टरांना का सांगायचे, तेही ऐका. जास्त ताकदीच्या हळदीच्या कॅप्सूलनी यकृत बिघडलेल्या दहा रुग्णांची माहिती अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातला एक दगावला. असे क्वचितच होते. पण समजा केमो चालू असताना आण्णांच्या लिव्हरचा रिपोर्ट बिघडला, तर डॉक्टर कॅप्सूलला दोष देणार नाहीत, त्यांना ती माहीतच नाही. ते केमो कमी करतील. दुसरा धोका उलटा आहे. युरोपात सौम्य नैराश्यावर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट नावाच्या वनस्पतीने इरिनोटेकॅनचा रक्तातला परिणामकारक अंश ४२ टक्क्यांनी घटवल्याचे २००२ मध्ये दिसले होते. रुग्णाला वाटते केमो चालली आहे. प्रत्यक्षात अर्धीच चाललेली असते. आणि एक गोष्ट जी कोणाच्या लक्षात येत नाही: आण्णांच्या गोळ्या बहुधा कॅपेसिटाबिन असतील. त्यांच्यासोबत फॉलिक ॲसिड गेले तर गोळ्यांचा त्रास वाढू शकतो. म्हणून 'अशक्तपणा आलाय' म्हणून मेडिकलमधून आणलेली टॉनिकची बाटलीसुद्धा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल तर तीही आठवणीने सांगा.

डॉक्टर रागावतील याची भीती तुम्ही लिहिली आहे. रागावतीलही. पुडी, कॅप्सूलची डबी, टॉनिक, सगळे एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा. तोंडाने सांगायला जड जाते ते पिशवी सांगते. 'यातलं काय चालेल आणि काय नाही, एवढं लिहून द्या' म्हणा. आण्णांना आयुर्वेदाची ओढ असेल तर रीतसर पदवी घेतलेल्या वैद्यांना भूक, झोप, पोट साफ होणे यासाठी दाखवा, मात्र त्यांचा कागद कॅन्सरच्या डॉक्टरांच्या हातात पडला पाहिजे आणि यांचा त्यांच्या.

आता आण्णा. पत्रात त्यांचे एकच वाक्य आहे आणि ते सुईबद्दल आहे. झाडपाला त्यांना हवा आहे की सुई नको आहे? मला वाटते दुसरे. गावात कोणाची तरी केमो त्यांनी पाहिली असणार, केस गेलेले, उलट्या, आणि शेवट वाईट. त्यांना एकट्यानेच विचारा, दादा नसताना, की कशाची भीती वाटते. मग जी भीती असेल तिचे उत्तर शोधा. या औषधांनी केस सहसा सगळे जात नाहीत. त्रास होतो तो वेगळा: बोटांना मुंग्या, थंडाने चटका, हातापायांची कातडी लाल होऊन सोलणे, जुलाब. सलाईननंतरचे काही दिवस गार पाणी प्यायचे नाही, आणि डिसेंबरात पहाटे हौदात हात घालायचा नाही हे त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे पहिल्या मुंग्या आल्यावर ते घाबरून सोडणार नाहीत. ताप १०० च्या वर गेला किंवा जुलाब थांबेनात तर सकाळची वाट न पाहता दवाखाना.

आणि 'आठ सायकल की काहीच नाही' असे दोनच रस्ते आहेत हेही गृहीतच आहे. २०१८ मध्ये बारा हजारांहून जास्त रुग्णांच्या आकड्यांवरून असे दिसले की कमी जोखमीच्या तिसऱ्या स्टेजला आण्णांचीच ही दोन औषधे तीन महिने, म्हणजे चार सायकल, दिली तरी सहा महिन्यांइतकाच उपयोग होतो, आणि मुंग्यांचा त्रास बराच कमी. दोनच गाठींत कॅन्सर सापडला म्हणजे आण्णा त्या गटात बसण्याची शक्यता आहे. मूळ गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल होती यावरही ते ठरते. डॉक्टरांना विचारा: चार सायकल पुरतील का? सुई अगदीच नको असेल तर नुसत्या गोळ्यांवर किती फायदा उरतो? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. दादाला तीन महिनेच हवे होते ना, ते कदाचित इथे मिळतील. सगळे समजून घेऊनही आण्णा नाही म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे, आणि तेव्हाही पुडीचा आग्रह नको, नियमित तपासणीचा धरा.

दादाशी वाद घालू नका. वर्षभर मूळव्याधीचे मलम आणून देणारा तोच असेल, तर त्याला आता काहीतरी मोठे करून दाखवायचे आहे, आणि पुडी हाच त्याला सापडलेला मार्ग. त्याला काम द्या. खर्चाचा भाग त्याच्याकडे सोपवा: आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या मदत खिडकीवर विचारणे, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्या यादीत तुमचे गाव आहे का आणि कोणत्या रुग्णालयात ती चालते हे पाहणे. या दोन राज्यांच्या भांडणात आपले लोक कागदांसाठी हेलपाटे घालतात, तर निदान हे हेलपाटे उपयोगी पडू देत. वैद्यांच्या मुळीत खरेच काही आहे असे त्याला वाटत असेल तर त्याचाही सन्मान राखता येतो. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आपल्या बेळगावातच आहे, आणि अशा ज्ञानाची पारख हेच तिचे काम. पारख तिथे होऊ दे, आण्णांवर नको.

'नैसर्गिक' काहीतरी करायचेच आहे, तर दोन गोष्टी आहेत ज्यांच्या मागे चाचण्या आहेत. एक आले. २०१२ मध्ये पाचशेहून जास्त रुग्णांवर, उलटीच्या नेहमीच्या औषधासोबत रोज अर्धा ते एक ग्रॅम आल्याच्या कॅप्सूल दिल्या तेव्हा केमोच्या दिवसाची मळमळ कमी झाली. सगळ्या अभ्यासांत तेवढा गुण दिसला नाही, पण डॉक्टरांनी हो म्हटले तर करून पाहण्याजोगे आहे. दुसरी गोष्ट चालणे, आणि तिचा पुरावा मी वर लिहिलेल्या कुठल्याही वनस्पतीपेक्षा भक्कम आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन आणि केमो पूर्ण झालेल्या ८८९ जणांवरच्या चाचणीचा निकाल २०२५ मध्ये आला. निम्म्यांना व्यायामाचे माहितीपत्रक दिले, निम्म्यांना मार्गदर्शकासह तीन वर्षे नेमाने व्यायाम करवला. पाच वर्षांनी कॅन्सर न परतता जगणारे पहिल्या गटात ७४ टक्के, दुसऱ्यात ८० टक्के. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण-एक तास झपझप चालणे एवढेच बहुतेकांना करायचे होते. केमो संपली की आण्णांना उसाच्या बांधावरून रोज फिरवून आणायचे काम नातवंडांना द्या. हळदीचे दूध हवे तर चमचाभर हळदीचे खुशाल देत राहा, जेवणातली हळद जेवणच आहे.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठीही एक सांगायचे आहे. पंचेचाळिशी ओलांडल्यावर शौचातून रक्त जाऊ लागले, सवय बदलली, किंवा हिमोग्लोबिन विनाकारण उतरले, तर मूळव्याधीचे मलम लावण्याआधी दुर्बिणीने तपासून घ्या. आणि ताई, आई-वडिलांपैकी कोणाला हा कॅन्सर झाला असेल तर मुलांनी चाळिशीपासून, किंवा आई-वडिलांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षे आधीपासून, यातले जे आधी येईल तेव्हापासून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करायची असते. तुम्हाला तीन वर्षे आहेत. दादा ४१ चा आहे, त्याची वेळ झालेली आहे. आण्णांच्या पुढच्या भेटीतच त्याच्या तपासणीची तारीख घेऊन टाका.